चार हार्ड डिस्क वाढवायच्या आहेत, ४५० वॉटचा एसएमपीएस पेलेल का?

वारणाकाठचा
नमस्कार मंडळी. सांगलीत माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. हल्ली एका लग्नाचं कच्चं फुटेज सहज तीनशे-चारशे जीबी भरतं. गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन हळदीची एखादी क्लिप मागतं, आजी त्यानंतर वारलेल्या असतात, आणि अशा वेळी "पुसून टाकलं" म्हणायला जीभ रेटत नाही. त्यामुळे मी काहीच पुसत नाही. परिणामी जागा संपली आहे.

मशीन असं: आय५-१०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड (वेगळी पॉवर केबल न लागणारं), विंडोजसाठी एक एनव्हीएमई एसएसडी, शिवाय ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. आता ३.५ इंची, ७२०० आरपीएमच्या आणखी चार डिस्क लावायच्या आहेत. मदरबोर्डवर साटाचे (डिस्क जोडायचे) सहा पोर्ट आहेत, कॅबिनेटमध्ये जागाही आहे. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॉटचा. त्याला साटा पॉवरचे कनेक्टर तीनच. दुकानदाराने एकातून चार निघणारा स्प्लिटर हातात दिलाय. लावू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला
हार्ड डिस्क चालू असताना सहा ते आठ वॉट खाते. चार म्हणजे चोवीस ते बत्तीस. प्रोसेसर ६५ चा, कार्ड ७५ चं. मदरबोर्ड, पंखे धरूनही २५० च्या आत बसताय. ४५० पुष्कळ झाला. लावा.

सोल्डरगन
थांबा, अजून लावू नका. तो स्प्लिटर तर पिशवीतच राहू द्या, त्यावर नंतर लिहितो.

पेठेतला यांनी दिलेला आकडा फिरत असलेल्या डिस्कचा आहे आणि तो बरोबर आहे. पण डिस्क सुरू होताना, म्हणजे थांबलेल्या तबकड्या शून्यापासून ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या असतात तेव्हा, मोटर १२ व्होल्टच्या लाइनवरून साधारण १.८ ते २ अँपिअर ओढते. म्हणजे एकेका डिस्कला २२ ते २४ वॉट, वर ५ व्होल्टवरचं इलेक्ट्रॉनिक्स वेगळं. हे काही सेकंदच चालतं, नंतर ती सहा-आठ वॉटवर येते. पण साध्या पीसीमध्ये बटण दाबलं की सगळ्या डिस्क एकदमच उठतात. सहा डिस्क म्हणजे त्या क्षणी १२ व्होल्टवर १२ अँपिअर.

डिस्कवरच्या लेबलवर हा आकडा बहुतेक वेळा नसतो. कंपनीच्या डेटाशीटमध्ये १२ व्होल्टचा सुरुवातीचा करंट वेगळा दिलेला असतो, तो बघा.

एसएमपीएसवरचा "४५० वॉट" आत्ता विसरा. कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसच्या अंगावरच्या स्टिकरवर जे काही छापलंय ते इथे टंका. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

वारणाकाठचा
धन्यवाद दादा. स्टिकरवर हे आहे:
+३.३ व्ही: २० ए
+५ व्ही: २५ ए
+१२ व्ही: १६ ए
−१२ व्ही: ०.५ ए
+५ व्ही एसबी: २ ए
खाली ठळक अक्षरात ४५० वॉट.

सोल्डरगन
आता गुणाकार करू. ३.३ गुणिले २० म्हणजे ६६. ५ गुणिले २५ म्हणजे १२५. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. उरलेल्या दोन लाइनींचे ६ आणि १०. बेरीज ३९९. सगळ्या लाइनी एकाच वेळी पूर्ण भाराने चालल्या असं धरलं, जे प्रत्यक्षात होत नसतं, तरी ४५० येत नाहीत. इचलकरंजीत माझ्या टेबलावर रोज असे एसएमपीएस येतात. चार-पाच वर्षं उन्हाळ्यात तापलेल्या कपॅसिटरनंतर त्यांच्याकडून स्टिकरवरचे आकडेही धरवत नाहीत.

तुमच्या कामाचा आकडा एकच, १९२. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि डिस्कच्या मोटरी हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. ३.३ आणि ५ व्होल्टवर भरपूर अँपिअर असलेली ही रचना पेंटियमच्या जमान्यातली. २००३ च्या सुमारास एटीएक्सचं, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसचं, मानक बदललं आणि भार १२ व्होल्टकडे गेला. स्वस्त एसएमपीएस अजूनही जुन्या आराखड्यावर बनतात आणि वॉटची बेरीज फुगवायला त्या दोन लाइनी कामाला येतात.

सुरुवातीच्या क्षणाचा हिशेब: सहा डिस्कचे १२ अँपिअर, प्रोसेसर-मदरबोर्ड-कार्ड-पंखे मिळून चारपाच. सोळा-सतरा झाले. स्टिकर सोळा म्हणतो.

आणि एक विचारतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन कधी आपोआप रिस्टार्ट झालंय का?

वारणाकाठचा
हो! मोठ्या फाइल्स काढताना होतं अधूनमधून. मला वाटलं गरम होतंय, म्हणून पंखा वाढवला. हे तुम्हाला कसं कळलं?

सोल्डरगन
आय५-१०४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये, म्हणजे भार आल्यावर वेग वाढवतो तेव्हा, इंटेलचीच मर्यादा १३४ वॉट आहे. नियमाने ती थोड्या सेकंदांपुरती, पण पुष्कळ मदरबोर्ड ती वेळेची अट सोडूनच देतात. १३४ वॉट म्हणजे अकरा अँपिअरच्या वर. एक्स्पोर्टमध्ये कार्डही कामाला लागतं, ते जवळजवळ सहा. दोन डिस्क एक. म्हणजे आजच, नवी एकही डिस्क न लावता, तुम्ही अठरावर जाताय. डिस्कचा प्रश्न विचारायला आलात ते बरं झालं. हा एसएमपीएस डिस्क वाढवल्या नाहीत तरी बदलायचा आहे.

पेठेतला
हिशेब पटला, पण एक अनुभव नोंदवतो. माझ्याकडे ४५० वॉटच्याच एसएमपीएसवर पाच हार्ड डिस्क कित्येक वर्षं बिनतक्रार चालू आहेत. ४५० म्हटलं की कमीच, असा समज कुणी करून घेऊ नये. नाहीतर लोक उठून ८५० वॉटचं घेतात.

सोल्डरगन
अगदी मान्य. तुमच्या स्टिकरवर १२ व्होल्टला किती लिहिलंय ते बघा. चांगल्या बनावटीच्या ४५० मध्ये ३५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे जवळपास सगळे वॉट त्याच लाइनवर. डब्यावरचा आकडा तोच, आतलं यंत्र निराळं.

मंजिरी_क
मी पुण्यात स्टोरेज सर्व्हरवर काम करते, म्हणून थोडी भर.

डिस्क एकदम उठण्याचा प्रश्न सर्व्हरमध्ये त्या एकामागून एक उठवून सोडवतात. साटा पॉवर कनेक्टरची अकरावी पिन यासाठीच वापरली जाते, आणि सर्व्हरमधली कंट्रोलर कार्डं डिस्कचे गट करून काही सेकंदांच्या अंतराने त्यांना सुरू करतात. घरगुती मदरबोर्डवर ही सोय क्वचितच मिळते. डिस्कलाच "सांगेपर्यंत फिरू नकोस" असं बजावणारी एक सेटिंगही आहे, पण ती केल्यावर काही बायोसना डिस्क दिसेनाशी होते. स्टुडिओच्या मशीनवर तो प्रयोग नको.

दुसरं, मोठ्या प्रमाणावर हे काम करणारे काय धरून चालतात ते बघा. बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये आपल्या स्टोरेज पॉडचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला होता. त्यात ४५ साध्या हार्ड डिस्क आणि ७६० वॉटचे दोन पॉवर सप्लाय. ४५ डिस्क फिरत असताना त्या मानाने कितीतरी कमी वॉट खातात, पण उठताना हजाराच्या वर जातात. घरगुती नॅसमध्येही (नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्यातही) तसंच. सिनॉलॉजीच्या डीएस९२०+ या चार डिस्कच्या डब्याला १०० वॉटचा अडॅप्टर येतो. चार डिस्क, प्रोसेसर सगळं मिळून तो चालताना त्याच्या निम्म्यातही राहतो. उरलेली जागा डिस्क उठतानाच्या क्षणासाठी आहे.

वारणाकाठचा, तुम्ही सहा डिस्क कशा वापरणार? तीनवर माल आणि तीनवर त्याचीच प्रत, असं काही मनात आहे का?

वारणाकाठचा
हो ताई, तसंच. एक गेली तर दुसरी असावी म्हणून.

मंजिरी_क
मग हे आधी लिहायला हवं. एका कॅबिनेटमध्ये, एका एसएमपीएसवर असलेल्या दोन प्रतींना मी बॅकअप म्हणणार नाही. डिस्क एकेकटी मरते तेव्हा ती प्रत कामाला येते. पण एसएमपीएस बिघडून १२ किंवा ५ व्होल्टची लाइन वर गेली, तर त्याला जोडलेल्या सगळ्या डिस्कचे सर्किट बोर्ड एकाच क्षणी जळतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये यासाठी जास्त व्होल्टेजला आणि शॉर्टला स्वतःहून बंद पडण्याची सोय असते. कॅबिनेटबरोबर आलेल्यात ती आहे असं धरून चालू नका.

माझं मत: चारपैकी दोनच डिस्क आत लावा. उरलेल्या दोन स्वतःचा अडॅप्टर असलेल्या बाहेरच्या डब्यात घाला, आठवड्याला जोडा, प्रत घ्या, काढा आणि स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा. सांगलीकरांना २०१९ चा पूर आठवत असेल, वेगळं सांगायला नको. यात एसएमपीएसवरचा भारही कमी होतो, पण मुख्य कारण ते नाही. ती लग्नं परत लागणार नाहीत.

वारणाकाठचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. पटलं. म्हणजे आत चार, बाहेर दोन. तरी कनेक्टर तीनच आहेत, तो स्प्लिटर मग...

सोल्डरगन
आता स्प्लिटर. यावर सविस्तर लिहितो, कारण एसएमपीएस उत्तम असूनही डिस्क जळतात त्या इथे.

साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना. त्यातल्या ३.३, ५ आणि १२ व्होल्टसाठी प्रत्येकी तीन, बाकीच्या, ती अकरावी सोडून, अर्थिंगच्या. एक पिन दीड अँपिअरसाठी बनवलेली. म्हणजे एका साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर फार तर साडेचार अँपिअर जावेत, एसएमपीएस हजार वॉटचा असला तरी. एकातून चार डिस्क काढल्या की उठताना आठ अँपिअर त्याच तीन पिनांतून जाणार. एका दिवसात काही होत नाही. पिना थोड्या तापतात, पकड सैल होते, सैल पकडीत आणखी तापतात, आणि एक दिवस प्लास्टिक पिवळं पडतं. एका साटामधून दोन डिस्क, तिथे थांबायचं.

जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरच्या पिना जाड असतात, त्यातून दोन साटा काढणं करंटच्या हिशेबाने चालतं. तिथे धोका वेगळा आहे, जोडणीच्या बनावटीचा. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात तारा पिनांना जोडून वरून गरम प्लास्टिक ओततात, कनेक्टर एकसंध गुळगुळीत ठोकळा दिसतो. ओतताना आतली तार सरकली तर १२ आणि ५ व्होल्टमध्ये केसाइतकं अंतर उरतं, आणि ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. पुढे कधीतरी शॉर्ट होतो, कनेक्टर वितळतो, डिस्कची पिन जळते. धूर निघालेली अशी मशीन मी उघडली आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तार आपापल्या खाचेत धातूच्या पात्यावर दाबून बसवलेली असते आणि मागे उघडणारं झाकण असतं. घ्यायचाच तर हा दुसरा. ओतलेला घेऊ नका, फुकट दिला तरी नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्प्लिटरच नको. मध्यम दर्जाच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसला पाच-सहा साटा कनेक्टर दोन वेगळ्या केबलींवर येतात. दोन डिस्क एका केबलवर, दोन दुसरीवर. झालं.

रायगडची_मीना
मध्येच विचारते. एसएसडी वाढवायच्या असतील तर हाच हिशेब का?

मंजिरी_क
नाही. साटा एसएसडी आणि लॅपटॉपची २.५ इंची हार्ड डिस्क या दोन्ही फक्त ५ व्होल्टवर चालतात. एसएसडीला फिरणारं काहीच नसल्याने सुरुवातीचा झटका नाही, दोन-चार वॉटचं काम. त्यासाठी एसएमपीएस बदलायची वेळ सहसा येत नाही.

राईनकाठ
इकडे जर्मनीत बरेच जण बाहेरच्या यूएसबी डब्यातल्या मोठ्या डिस्क स्वस्त पडतात म्हणून उघडून आत लावतात. पण काही डिस्क पीसीमध्ये फिरतच नाहीत, बिघडल्या असं वाटून लोक परत करतात. कारण पुन्हा पॉवर कनेक्टरमध्येच आहे. साटाच्या २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं: तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हरमधली अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करण्यासाठी ही सोय. जुन्या रचनेच्या एसएमपीएसमध्ये त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट असतात, म्हणून डिस्क झोपून राहते. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या टेपची) बारीक पट्टी लावली की चालू होते. साधी इन्सुलेशन टेप नको, उष्णतेने तिचा चिकटा पसरतो. तुम्ही सुट्या डिस्क घेणार असाल तर बहुधा हे लागू नाही, पण धागा शोधत येणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

वारणाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक शंका. इतके दिवस हा एसएमपीएस ओढाताणीत चालत होता, तर आहेत त्या दोन डिस्कना इजा झाली असेल का? कसं तपासायचं?

मंजिरी_क
क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि प्रत्येक डिस्कचे चार आकडे बघा. त्यात मूल्यं हेक्साडेसिमल (सोळा अंकी) पद्धतीत दिसतात, ती सेटिंगमधून नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घ्या.

पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट: वीज अचानक गेल्यामुळे डिस्कला आपलं हेड (तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग) घाईघाईने मागे घ्यावं लागलं, त्याची मोजणी. तुम्ही मशीन नीट बंद करत असूनही हा वाढत असेल तर डिस्कपर्यंत पोचणारी वीज तुटते आहे. करंट पेंडिंग सेक्टर आणि रीअलोकेटेड सेक्टर: हे शून्य असावेत. शून्य नसतील तर आधी प्रत घ्या, बाकी सगळं नंतर. चौथा यूडीएमए सीआरसी एरर. हा वाढला तर दोष बहुधा डेटा केबलचा, तिथे एसएमपीएसला दोष देऊ नका.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगही बघा. रिस्टार्टच्या वेळांवर कर्नल-पॉवर ४१ दिसेल. डिस्क मध्येच गायब होऊन परत येत असेल तर १२९ क्रमांकाच्या नोंदी असतात.

सोल्डरगन
मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्समध्ये काळी तार पिवळीच्या खाचेत घालून नका बसू, आधी नीट ओळखा: काळी दांडी काळ्या तारेच्या खाचेत, लाल दांडी पिवळ्या तारेच्या खाचेत. तिथे १२ व्होल्ट. लाल तारेवर ५. एटीएक्सच्या नियमाने १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहिली पाहिजे. मशीन सुरू करताना आणि एक्स्पोर्ट चालू असताना, दोन्ही वेळा बघा. मीटरला किमान मूल्य धरून ठेवायचं बटण असेल तर ते वापरा, क्षणभराची घसरण डोळ्याला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, तो मदरबोर्डवरचा सेन्सर पुष्कळदा चुकतो.

पेठेतला
यूपीएस कितीचा आहे? ६०० व्हीएचा असेल तर बहुतेक ३६० वॉटच देतो, आणि जुनी बॅटरी त्याहून कमी. वीज गेल्या क्षणी एक्स्पोर्ट चालू असेल तर तोही मान टाकेल. १००० व्हीए बघा. एसएमपीएस ५५० चा घेतलात म्हणून मशीन ५५० खाणार नाही, ते लागेल तेवढंच ओढेल, ही भीती काहींना असते म्हणून लिहितो.

वारणाकाठचा
अपडेट देतोय. मल्टिमीटरने मोजलं. जुन्या एसएमपीएसवर एक्स्पोर्ट चालू असताना १२ ची लाइन ११.२ वर आली. एका डिस्कचा रिट्रॅक्ट काउंट दुसरीच्या कितीतरी पुढे आहे, सेक्टर मात्र दोन्हींचे शून्य. दोन्हींची प्रत बाहेरच्या डब्यात आधी घेतली, मग हात लावला.

नवा ५५० वॉटचा, ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राची एक श्रेणी) घेतला, स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर. आत चार डिस्क, दोन-दोन वेगळ्या केबलींवर. सुरू करताना ११.९, एक्स्पोर्टला १२.०. काल रात्रभर एक्स्पोर्ट लावून ठेवला, सकाळी तसाच चालू होता.

शेवटचं विचारतो. हा नवा मॉड्युलर आहे, केबली काढता येतात. भावाच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा मॉड्युलर आहे आणि त्याच्याकडे साटाची एक केबल जास्तीची पडून आहे. दोन्हीकडची पिन बसते. पुढे डिस्क वाढवली तर ती वापरली तर चालेल ना?

सोल्डरगन
नाही, अजिबात नाही. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कोणताही समान नियम नाही. एकाच्या ५ व्होल्टच्या जागी दुसऱ्याचे १२ असतात. पिन बसते, मशीन सुरू करता आणि त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क त्याच सेकंदाला जातात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही जोडणी वेगळी असू शकते. जास्तीची केबल लागली तर तुमच्या मॉडेलचं नाव देऊन त्याच कंपनीकडून मागवा. आणि आत्ता डब्यात उरलेल्या केबलींवर चिठ्ठी बांधून एसएमपीएसचं मॉडेल लिहून ठेवा, म्हणजे भावाच्या केबलींत मिसळणार नाहीत.